विजयदुर्गचे आरमारी ठाणे आणि गिर्येची गोदी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, वाघोटन नदी समुद्राला मिळते तिथे विजयदुर्ग उभा आहे. मराठी आरमाराचे हे दक्षिणेकडचे मुख्य ठाणे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८१८ पर्यंत येथे जहाजे बांधली गेली, दुरुस्त झाली, शस्त्रसज्ज होऊन मोहिमेवर निघाली, आणि पकडून आणलेली परकी जहाजेही येथेच नांगरली गेली. किल्ल्याची ख्याती मोठी असली तरी ज्या गोदीवर तिचा डोलारा होता, ती गोदी किल्ल्यात नाही. ती खाडीच्या आतल्या अंगाला, किल्ल्यापासून सुमारे दीड मैलावर, गिर्ये गावाच्या हद्दीत आहे. विजयदुर्ग पाहायला येणारे बहुतेक लोक तिच्याकडे न फिरकताच परत जातात.

संरक्षणाशी संबंधित कारखान्याचा इतिहास लिहिताना एक अडचण नेहमीच येते. चंद्रपूरकरांना भद्रावतीची आयुध निर्माणी जशी कुंपणाबाहेरूनच ठाऊक, तसेच अठराव्या शतकातील मुंबईकर इंग्रजांना विजयदुर्ग ठाऊक होता. किल्ल्यात तोफा किती, खाडीत पाणी किती, गोदीत कोणते जहाज चढवले आहे, याची खात्रीची माहिती बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था होती. ती इतकी चोख होती, की आज या ठाण्याविषयी जे तपशील मिळतात त्यांतले बरेचसे ते पाडायला आलेल्या शत्रूंच्या कागदांतून घ्यावे लागतात. विजयदुर्गचे आरमार चालवणाऱ्या आंग्रे घराण्याचे स्वतःचे गोदीचे हिशेब हाती असते, तर हा इतिहास फार वेगळ्या अंगाने लिहिता आला असता.

किल्ल्याचा आरंभ शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस झाल्याचे मानले जाते. पुढे तो बहामनी आणि मग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. तेव्हा त्याचे नाव घेरिया होते. इंग्रजांनी अखेरपर्यंत हेच नाव चालवले. शिवाजी महाराजांनी तो १६५३ मध्ये, विजय संवत्सरात घेतला म्हणून त्याचे नाव विजयदुर्ग पडले अशी परंपरा आहे. महाराजांच्या आरमाराची उभारणी मात्र कल्याण-भिवंडी हाती आल्यावर, म्हणजे १६५७ च्या अखेरीपासून सुरू झाली, आणि पहिली जहाजे उत्तर कोकणातील खाड्यांत बांधली गेली. विजयदुर्गाचा विस्तार, एकामागे एक अशी तिहेरी तटबंदी आणि किनाऱ्याच्या खडकालगत पुढे नेलेले बुरूज हे महाराजांच्या काळातले काम. जमिनीच्या बाजूला खंदक होता. आता तो बुजला आहे.

जागेची निवड समजून घेतल्याशिवाय या ठाण्याचे महत्त्व ध्यानात येत नाही. कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या मुखाशी वाळूचा बांध असतो, त्यामुळे भरती नसताना मोठे जहाज आत घेणे जिकिरीचे होते. वाघोटनच्या मुखाशी असा बांध नाही. पाणी खोल आहे आणि नैर्ऋत्येचा वारा डोंगराच्या आडोशाने अडतो. मुख ओलांडून आत शिरले की खाडी वळणे घेत थेट खारेपाटणाकडे जाते. उथळ तळाची गलबते तिच्यात बरीच वर नेता येत, पण युरोपीय बनावटीचे खोल बुडणारे लढाऊ जहाज त्यांचा पाठलाग करू शकत नसे. शिवाय भर समुद्रातून जाणाऱ्या जहाजाला भूशिराआड नांगरलेला तांडा दिसत नसे. टेहळणीवाल्याला मात्र तटावरून क्षितिजापर्यंतचा सगळा पट्टा दिसे. आपण दिसायचे नाही आणि समोरचा दिसला पाहिजे, ही आरमारी ठाण्याची पहिली गरज येथे निसर्गानेच भागवली होती.

किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली एक लांब भिंत आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आणि नौदलाच्या पाणबुड्यांनी तिची पाहणी केली आहे. तिची लांबी सुमारे १२० मीटर असून ती न घडवलेल्या दगडांची आहे. या भिंतीवर आपटून शत्रूची जहाजे फुटत, ही कथा विजयदुर्गात प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती अशक्य नाही. पण इंग्रजांनी विजयदुर्गावरील आपल्या १७१७ आणि १७२० च्या हल्ल्यांच्या अपयशाची जी कारणे लिहून ठेवली त्यांत खडक, अपुऱ्या शिड्या, उतरवलेल्या फौजेचा गोंधळ आणि सेनापतींचा नाकर्तेपणा यांचाच भरणा आहे. कागद नसले की दंतकथा जागा भरून काढतात. हेलियम वायूचा शोध येथील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून नॉर्मन लॉकियरने लावला, ही गोष्टही त्याच जातीची. १८६८ च्या ऑगस्टमधील खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात आलाच नव्हता.

विजयदुर्ग खऱ्या अर्थाने आरमारी संस्था बनला तो कान्होजी आंग्र्यांच्या काळात. सरखेल म्हणजे आरमाराचा सेनापती. हे पद कान्होजींकडे सतराव्या शतकाच्या अखेरीस आले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाने त्यांच्याशी करार करून त्यांना शाहू छत्रपतींच्या पक्षात आणले, तेव्हा कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांसह किनाऱ्यावरील किल्ल्यांवर त्यांचा अधिकार मान्य झाला. या तीन ठाण्यांत कामाची वाटणी दिसते. कुलाबा हे मुंबईच्या तोंडावरचे घर, सुवर्णदुर्ग मधला टप्पा, आणि विजयदुर्ग हा दक्षिणेकडचा आश्रय. मुंबईपासून तो पुरेसा दूर होता, त्यामुळे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना सहज घाला घालता येत नसे. गोव्याकडून येणारी वाहतूक मात्र त्याच्या दारावरून जाई.

आंग्रे चाचे होते, हा इंग्रजांचा लाडका सिद्धान्त. किनाऱ्यावरच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरकारचे दस्तक घ्यावे, दस्तक नसल्यास जहाज व माल अटकावला जाईल, हा आंग्र्यांचा नियम होता. पोर्तुगीज हाच नियम दोनशे वर्षे कार्ताझ या नावाने चालवत आले होते, आणि इंग्रज कंपनीही आपले परवाने देत होती. भांडण नियमाचे नव्हते, तो कोणी लावायचा याचे होते.

या अंमलबजावणीसाठी जी जहाजे लागत ती दोन मुख्य जातींची होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, साधारण दीडशे ते तीनशे टनांचे जहाज. त्याची नाळ लांब, सखल आणि पुढे झुकलेली असे, आणि तिच्यावर समोर मारा करणाऱ्या दोन तोफा असत. बाकीच्या तोफा दोन्ही कडांना. गलबत त्याहून पुष्कळ लहान, फार तर सत्तर टनांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी लटकून राही. अशा वेळी गलबते वल्ह्यांवर येत, गुराबांना दोराने ओढत आणत आणि शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभी करत. युरोपीय जहाजाच्या तोफा बाजूंना, पिछाडीला फारच थोड्या. तिथून डोलकाठ्या आणि शिडे निकामी केली की सगळीकडून माणसे चढत. ही पद्धत भर समुद्रातल्या मोठ्या लढाईसाठी नव्हती, किनाऱ्यालगतच्या शिकारीसाठी होती. गोदीची रचनाही तिला धरूनच झालेली दिसते.

गिर्येची गोदी खाडीच्या एका फाट्यात, खडक फोडून आणि दगडी भिंती बांधून तयार केलेली आहे. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तिचे माप नोंदले आहे: लांबी ३५५ फूट, तोंडाशी रुंदी २२७ फूट, आणि आत जावे तशी ती निमुळती होत जाते. म्हणजे एका वेळी एकच मोठे जहाज घेणारी ही चिंचोळी सुकी गोदी नव्हे. गुराब आणि अनेक गलबते शेजारी शेजारी घेता येतील असे ते मोठे कुंड होते. काम भरती-ओहोटीवर चाले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज आत घ्यायचे, टेकू देऊन उभे करायचे, आणि ओहोटीला पाणी उतरले की तळ उघडा पडे. मग सुतार, लोहार आणि खलाशी खाली उतरत. आधी तळावर चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडून काढायचे. त्यानंतर गवताची आच देऊन लाकडात शिरलेला किडा मारायचा, फळ्यांच्या सांध्यांतला कुजका कापूस उकरून नवा तेलात भिजवून ठासायचा, आणि सगळ्या तळाला चुना व माशाचे तेल किंवा राळ यांचा लेप द्यायचा. पुढचे उधाण येण्याच्या आत हे उरकावे लागे.

पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारांची फळ्या जोडण्याची रीत युरोपीय प्रवाशांना नवलाची वाटे. युरोपात फळीच्या कडेला कड लावून जोडत आणि सांधा वरून बुजवत. इकडे एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीला तिच्यात बसणारी जीभ काढत, मध्ये कापूस व राळ घालून दोन्ही ठोकून बसवत. काम वेळखाऊ, पण सांधा जवळजवळ पाणी घेत नसे. लाकूड सागाचे. सागात अंगचे तेल असते, त्यामुळे ते पाण्याने फुगत किंवा तडकत नाही. इंग्रजांच्या ओक लाकडातील आम्लाने खिळे गंजून जात, सागात ठोकलेले लोखंड टिकते. आलापल्लीच्या जंगलातला साग ज्यांनी कापताना पाहिला आहे, त्यांना त्या तेलाचा वास वेगळा सांगायला नको. मात्र चांदा-सिरोंच्याकडचा साग विजयदुर्गच्या वाट्याचा नव्हता. तिकडचे ओंडके प्राणहिता आणि गोदावरीच्या प्रवाहाबरोबर पूर्व किनाऱ्याकडे जात. विजयदुर्गला लाकूड मिळे ते सह्याद्रीच्या उतारावरच्या आणि दक्षिणेकडील जंगलांतून.

या लाकडाबाबत राज्याचे धोरण काय होते, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसते. आरमारावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. जंगलातील साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावे, कमी पडेल ते विकत आणावे, पण रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत. ती वाढायला वर्षे लागतात आणि रयतेने ती पोटच्या पोरांसारखी जोपासलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, किंमत देऊन घ्यावे. जहाजे बांधणाऱ्या सरकारने गावच्या आंब्याची एवढी काळजी लेखी करून ठेवावी, हे त्या काळात कोठेही सहज आढळणारे नाही. याच प्रकरणात आरमाराचे सुभे करून प्रत्येक सुभ्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबते ठेवावीत असेही सांगितले आहे. विजयदुर्गचा पुढचा कारभार याच घडणीतला होता.

वर्षाचे वेळापत्रक पाऊस ठरवी. वैशाख उलटला की जहाजे खाडीत परत येत. लहान गलबते किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारत, मोठी आत आडोशाला नांगरत. नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडला की डागडुजीला जोर येई आणि आश्विनापासून गस्त सुरू होई. माणसे कोळी, भंडारी, गाबीत आणि किनाऱ्यावरच्या मुसलमान खलाशांतली होती. तांडेल, सारंग हे त्यांचे नाईक. तोफखान्यावर काही युरोपीयही होते. मादागास्करकडून आलेला जेम्स प्लांटेन हा माजी चाचा कान्होजींच्या चाकरीत होता.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर पहिला मोठा हल्ला चढवला. त्या मोहिमेत असलेला क्लेमेंट डाउनिंग हा खलाशी सांगतो, की तटाला लावायला आणलेल्या शिड्या अपुऱ्या पडल्या. १७२० मध्ये वॉल्टर ब्राउनच्या हाताखाली दुसरी मोहीम आली. या वेळी जाड लाकडाचा, तोफा चढवलेला ‘फ्राम’ नावाचा तरंगता किल्ला मुद्दाम बांधून आणला होता. त्याचाही उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजे आणि दोन बाँबफेकी नौका घेऊन प्रयत्न केला, तेही हात हलवत परतले.

या अपयशाने मुंबईत जे घडले ते विजयदुर्गच्या तटाइतकेच बोलके आहे. किल्ल्याची माहिती बाहेर येत नाही, मात्र मुंबईची माहिती आंग्र्यांना आधी कळते, असा संशय बळावला. १७२० मध्ये मुंबईचे धनाढ्य शेणवी व्यापारी रामा कामाठी यांच्यावर कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा खटला भरला गेला. साक्षीदारांचे हाल करून जबान्या काढल्या, मालमत्ता जप्त केली, आणि कामाठी १७२८ मध्ये कैदेतच वारले. ज्या पत्रांच्या आधारावर शिक्षा झाली ती बनावट असल्याचे पुढे उघड झाले. वाळकेश्वराच्या देवळाच्या उभारणीशी ज्यांचे नाव जोडले जाते तेच हे कामाठी. विजयदुर्गविषयीच्या भयाने घेतलेला हा एक नाहक बळी.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांच्यामागे सरखेली त्यांचे पुत्र सेखोजींकडे गेली. १७३३ मध्ये तेही वारले आणि घरात फूट पडली. सेखोजींचे भाऊ मानाजी कुलाब्यात आणि संभाजी दक्षिणेकडे अशी आरमाराची दोन शकले झाली. कान्होजींच्या ताब्यात एका हाताखाली चालणारी तीन ठाणी होती, ती आता एकमेकांविरुद्ध उभी ठाकली. तरीही विजयदुर्गची धडक कमी झाली नाही. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजीने ‘डर्बी’ हे कंपनीचे मोठे जहाज पकडले. त्याच्यावर सोन्याबरोबर मुंबईच्या गोदीसाठी येणारे जहाजबांधणीचे सामानही होते. एका गोदीसाठी विलायतेहून निघालेले सामान दुसऱ्या गोदीला मिळाले. मुंबईने त्या वर्षी हात चोळण्यापलीकडे काही केले नाही.

त्याच सुमारास मुंबईत दुसऱ्या एका गोदीची सुरुवात झाली, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. सुरतेचे पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांना कंपनीने मुंबईत आणून बसवले आणि १७५० मध्ये तेथे सुकी गोदी बांधून झाली. लाकूड तेच, सांधे जोडण्याची रीतही तीच. वाडिया घराण्याने पुढे इंग्लंडच्या नौदलासाठी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. मुंबईच्या गोदीतील प्रत्येक जहाजाचे नाव, टनभार आणि बांधणाऱ्याचे नाव सांगता येते. गिर्येच्या गोदीत बांधलेल्या एकाही जहाजाबाबत असे सर्व तपशील सांगता येत नाहीत. कसबात फरक नव्हता, दप्तर राखण्यात होता. मुंबईच्या गोदीमागे हिशेब मागणारी कंपनी होती, तर विजयदुर्गच्या गोदीमागच्या घराण्याची तिथली सत्ता १७५६ मध्ये एका दिवसात संपली.

संभाजीनंतर विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी हा आंग्र्यांतला सर्वांत आक्रमक. १७४९ मध्ये त्याने कंपनीचे ‘रेस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज पकडून विजयदुर्गात आणले. १७५४ मध्ये तीन डच जहाजांशी झालेल्या लढाईत दोन मोठी जळाली आणि तिसरे हाती लागले. पण त्याने नानासाहेब पेशव्यांशीही वैर धरले होते. पेशव्यांनी मग जे केले त्यावर मराठी इतिहासकारांनी शंभर वर्षे शाई आटवली आहे. मार्च १७५५ मध्ये रामाजी महादेव बिवलकर यांच्यामार्फत पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला, आणि त्यानुसार २ एप्रिलला कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला.

विजयदुर्गवर चालून जाण्याआधी इंग्रजांनी पहिल्यांदाच नीट टेहळणी केली. १७५५ च्या अखेरीस जेम्स काही जहाजे घेऊन गेला, किल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यापर्यंत पोचला, पाण्याची खोली मोजली आणि परत येऊन कळवले, की हा किल्ला आपण समजत होतो तेवढा उंचही नाही आणि अभेद्यही नाही. मुंबईच्या दरबारात सुमारे चाळीस वर्षे घेरियाचे जे चित्र होते, ते दुर्गम कड्यावरच्या प्रचंड किल्ल्याचे होते. ते चित्रच किल्ल्याचे निम्मे संरक्षण करत होते. जेम्सने आणलेल्या खोलीच्या मापांनी युद्धनौकांना तटाजवळ नेऊन उभे करता येईल हे सिद्ध झाले. विजयदुर्गचा पाडाव खरे तर या टेहळणीतच निश्चित झाला.

अॅडमिरल चार्ल्स वॉटसनचा ब्रिटिश राजाच्या नौदलाचा ताफा आणि रॉबर्ट क्लाइव्हची फौज तेव्हा योगायोगाने मुंबईत होती. निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांची बैठक झाली. तीत लढाईचा बेत ठरला आणि लुटीच्या वाटण्याही आधीच ठरल्या. पेशव्यांच्या फौजेला त्यात हिस्सा नव्हता. ११ फेब्रुवारी १७५६ रोजी ताफा किल्ल्यासमोर आला. जमिनीकडून पेशव्यांची फौज आधीच भिडली होती, आणि तुळाजी किल्ला आपल्या माणसांच्या हवाली करून पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. तो परत जाऊ शकला नाही.

१२ तारखेला दुपारी ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॅलिस्बरी’ ही मोठी जहाजे ओळीने खाडीच्या मुखातून आत शिरली आणि तटाशी समांतर नांगरून त्यांनी तोफांचा भडिमार सुरू केला. तुळाजीची गुराबा-गलबते किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना दोरांनी बांधून ठेवली होती. बाँबफेकी नौकेचा एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला आणि ते पेटले. वाऱ्याने आग शेजारच्या जहाजांवर गेली. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे सगळे आरमार जळून गेले: आठ-दहा गुराबा, साठेक गलबते, आणि गोदीत बांधणी चालू असलेली दोन मोठी जहाजे. त्यांतले एक चाळीस तोफांचे व्हायचे होते. शत्रूचा ताफा दाराशी येईपर्यंत गोदीत इतके मोठे काम चालू होते, ही माहिती इंग्रजांच्या अहवालातूनच मिळते. इंग्रज कंपनीची बरीच जहाजे यापेक्षा मोठी नव्हती.

क्लाइव्हने रात्रीच आपली फौज उतरवून किल्ला आणि पेशव्यांची छावणी यांच्या मध्ये उभी केली, म्हणजे मराठ्यांना आधी आत शिरता येऊ नये. १३ फेब्रुवारीला किल्ला शरण आला. सुमारे दहा लाखांची लूट आणि अडीचशेच्या आसपास तोफा इंग्रजांनी ठरल्याप्रमाणे आपसांत वाटून घेतल्या. किल्ला पेशव्यांना द्यायचा होता, तो द्यायलाही त्यांनी आठ महिने लावले. ऑक्टोबर १७५६ च्या पुणे कराराने बाणकोट घेऊन विजयदुर्ग पेशव्यांच्या हवाली केला. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

पेशव्यांनी येथे आपल्या आरमाराचा सुभा केला. काही वर्षांत तो धुळप घराण्याकडे आला आणि आनंदराव धुळपांनी तो तीस वर्षे सांभाळला. विजयदुर्गचा हा दुसरा कालखंड. त्याबद्दल कागद बरे मिळतात, कारण आता गोदीचा खर्च पुण्याला कळवावा लागे. आंग्र्यांच्या काळात आरमाराने कमवावे आणि आरमारानेच खावे अशी रीत होती. धुळपांना सरकारकडून नेमणूक मिळे, ती अनेकदा उशिरा आणि तुटपुंजी. तरीही जळालेल्या गोदीतून नवे आरमार उभे राहिले, हे आनंदरावांचे मोठेच काम. ८ एप्रिल १७८३ रोजी त्यांच्या ताफ्याने कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज चुरशीच्या लढाईनंतर पकडले आणि विजयदुर्गात आणले. जहाजावर टिपूविरुद्धच्या मोहिमेवर निघालेले कंपनीचे बडे अधिकारी होते. त्यांतले कर्नल हंबर्स्टन जखमांनी मेले. मराठे आणि कंपनी यांच्यात सालबाईचा तह झाला असताना हा हल्ला झाला म्हणून मुंबईकरांनी मोठी तक्रार केली. तहाची वार्ता समुद्रावर पोचली होती की नाही यावर तेव्हापासून वाद आहे. लढाईचे यश मात्र निर्विवाद होते.

आनंदरावांनंतर उतरती कळा लागली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या धाकाने पळालेला दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला गेला. पदरी आरमाराचा सुभा असलेल्या पेशव्याला समुद्रातला प्रवास परक्याच्या जहाजातून करावा लागला, एवढ्यावरून त्या सुभ्याची अवस्था कळते. १८१८ मध्ये कोकणातले किल्ले एकामागून एक पडले. विजयदुर्ग जूनमध्ये, रत्नागिरी भागातील शेवटच्या किल्ल्यांबरोबर इंग्रजांच्या ताब्यात गेला. आरमार मोडले. गोदीचा मोठा उपयोग उरला नाही, कारण मुंबईत कंपनीची गोदी जोरात होती आणि दुसरी गोदी चालवण्याची तिला गरज नव्हती. कसबी सुतारांनी किनाऱ्यावर मचवे आणि पडाव बांधून पोट भरले.

विजयदुर्ग १९१६ मध्ये संरक्षित स्मारक झाला. किल्ल्यात आणि आसपास सापडलेल्या दगडी नांगरांची पाहणी समुद्रविज्ञान संस्थेने केली आहे. ते मराठी काळाच्याही आधीच्या दर्यावर्दी वहिवाटीची साक्ष देतात. गोदीत गाळ साचला आहे, तरी दगडी भिंत आणि खडक फोडल्याच्या खुणा ओहोटीला ओळखता येतात. गावातला धुळपांचा वाडाही उभा आहे. स्वातंत्र्यानंतर नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या किनारी तळाला ‘आयएनएस आंग्रे’ असे नाव दिले. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी यांच्याबरोबर विजयदुर्गाचा समावेश आहे.